ऊब आणि वाटा

मराठीतला 'ऊब' हा शब्द मोठा सोयीचा आहे. गोधडीची ऊब असते, शेकोटीची असते, आईच्या कुशीची असते आणि थंडीच्या रात्री तव्यावरून थेट ताटात आलेल्या भाकरीचीही असते. शरीराचे सुख आणि मनाचा दिलासा यांत हा शब्द भेद करीत नाही. भाषेने असे जे एकत्र सांभाळले आहे, ते विचार करताना मात्र थोडे वेगळे करून पाहावे लागते. कारण दिलासा कितीही वाटला तरी कमी होत नाही. ऊब मात्र सरपणावर, धान्यावर, छपरावर आणि फुरसतीवर अवलंबून असते, आणि या चारही गोष्टी समाजात सारख्या वाटलेल्या नाहीत. म्हणूनच हिवाळ्यातले भरपेट, स्निग्ध, वाफाळते अन्न खाण्याचे सुख निर्दोष आहे काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी टाळण्याजोगा नाही.

या सुखाची बाजू प्रथम मांडली पाहिजे, कारण तिच्यामागे शरीराचा स्वतःचा न्याय आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्येचा विचार आला आहे. हेमंतात बाहेरच्या थंड वाऱ्यामुळे देहातील अग्नी आत कोंडला जातो आणि बलवान होतो. तो जड अन्न सहज पचवतो, असे तेथे म्हटले आहे. त्यापुढचे विधान अधिक विचार करण्याजोगे आहे. या प्रबळ अग्नीला योग्य इंधन मिळाले नाही, तर तो देहातील रसच जाळू लागतो. आधुनिक शरीरशास्त्राची भाषा वेगळी आहे. पण अन्न पचवण्याच्या क्रियेतच उष्णता निर्माण होते, हे तेही सांगते. प्रथिनांच्या बाबतीत त्यांतील ऊर्जेचा 20 ते 30 टक्के भाग अशा रीतीने खर्ची पडतो, तर स्निग्ध पदार्थांत हे प्रमाण अगदीच अल्प असते. कुळथाच्या कढणाने अंगात ऊब येते या घरगुती अनुभवाला त्यामुळे थोडा आधार मिळतो. आणि तुपाची ऊब ही तत्काळ मिळणारी नसून पुढच्या उपाशी प्रहरांसाठी राखून ठेवलेली शिल्लक आहे, हेही ध्यानात येते.

लोकांनी हे सारे ग्रंथ न वाचता ओळखले होते. भोगीच्या दिवशीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिच्याबरोबरची मिसळीची भाजी, खानदेशातले काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, वऱ्हाडात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे, शेतातल्या आगटीवरचा हुरडा, बाळंतिणीच्या निमित्ताने होणारे आणि मग साऱ्या घराने खाल्लेले डिंकाचे लाडू, या सगळ्यांत ऋतूची जाण आहे. शिवाय यांतले बरेचसे अन्न सुगीच्या आगेमागे येते. म्हणजे ज्या हातांनी पीक काढले, त्याच हातांत ते ऊन ऊन पडावे, अशी त्यामागची मूळ रचना आहे. ही रचना जिथे शाबूत असते तिथे ऊब आणि न्याय यांच्यात वाद उद्भवत नाही. वाद उद्भवतो तो पिकवणारा, राबणारा, रांधणारा आणि जेवणारा या चार व्यक्ती वेगळ्या झाल्या म्हणजे.

या वेगळेपणाचा विचार करण्यास छत्तीसगडमधील भिलाईजवळचे हथखोज हे ठिकाण मला फार उचित वाटते. छत्तीसगडचा हा मुलूख अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत त्यांच्याशी बांधलेला राहिला. रायपूर, बिलासपूर, दुर्ग येथील जुनी मराठी घराणी त्या इतिहासाची साक्ष आहेत. दुसरी मराठी वस्ती आली ती पोलादाच्या मागोमाग. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या या भागात देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. नागपूर, भंडारा, गोंदियाकडची माणसेही त्यांत होती. अनेक गावांच्या शेतजमिनी या उभारणीत गेल्या. पुढे मोठ्या कारखान्याच्या आधाराने ओतशाळा, रोलिंग मिल, सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. हथखोज आज भारी उद्योगांचे क्षेत्र म्हणूनच ओळखले जाते.

डिसेंबर-जानेवारीत येथे रात्री चांगली थंडी पडते. आणि या थंडीच्या मध्यभागी अहोरात्र आग पेटलेली असते. लोखंड वितळायला सुमारे 1500 अंश सेल्सिअस उष्णता लागते. ज्या वस्तीच्या पोटात एवढी धग आहे तिथे थंडीचा प्रश्नच उरू नये, असे एखाद्या परक्या माणसाला वाटेल. प्रत्यक्षात भट्टीसमोरचा कामगार घामाने निथळत असतो, आणि पाळी संपवून सायकलवर बसला की तोच घाम अंगावर गार पडतो. फाटकावरचा रखवालदार खोक्यांचे पुठ्ठे आणि लाकडाच्या ढलप्या पेटवून हात शेकत बसतो. उष्णता आहे, ती उदंड आहे, पण ती लोखंडाच्या मालकीची आहे. माणसाच्या वाट्याला येणारी ऊब त्याला घरीच शोधावी लागते, आणि घरी ती बहुधा चुलीतून ताटात येते.

त्या ताटात काय असते? छत्तीसगडी घरात तांदळाच्या पिठाची, पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यांवर भाजलेली जाडजूड अंगाकर रोटी असते. आमच्या विदर्भातल्या पानग्याची ती सख्खी बहीण शोभेल. वाफवलेला फरा असतो, तांदळाचा चीला असतो, जो मराठी माणूस घावन समजून खातो. हिवाळी भाज्यांत हरभऱ्याची आणि तिवऱ्याची कोवळी पाने असतात. शेजारच्या मराठी बिऱ्हाडात पिठले आणि भाकरी असते. ही सारी अन्ने साधी, जड आणि पोटाला धरून राहणारी आहेत. त्यांत डौल नाही. दमलेल्या देहाला 'आता दिवस संपला' असे सांगण्याचे काम मात्र ती चोख करतात.

या सुखावर पहिला आक्षेप येतो तो वैराग्याच्या बाजूने. गांधीजींनी आश्रमाच्या व्रतांत अस्वादाला स्थान दिले. अन्न औषधासारखे घ्यावे, जिभेसाठी घेऊ नये, असा त्या व्रताचा आशय आहे. या विचाराची उंची मान्य करूनही एक भेद करावा लागतो. अस्वाद हे व्रत आहे, आणि व्रताला निवड लागते. ज्याच्यापुढे गरम अन्न आहे आणि जो ते बाजूला सारतो, तो व्रती. ज्याच्यापुढे ते नाहीच, तो केवळ वंचित. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खाल्ली जाणारी 'बासी' ही छत्तीसगडच्या श्रमिकांची न्याहारी. उन्हाळ्यात ती उत्तम गारवा देते आणि तिची थोरवी खरी आहे. 1 मे 2022 रोजी, कामगारदिनी, राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी सर्वांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले, तेव्हा उपेक्षित अन्नाला प्रतिष्ठा मिळाली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु वर्षातून एकदा आवडीने बासी खाणे आणि सरपण नाही म्हणून पौषातल्या पहाटे बासी खाणे, या दोन कृतींत पदार्थ तेवढा समान आहे. जॉर्ज ऑर्वेलने 1937 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द रोड टु विगन पिअर' या पुस्तकात इंग्लंडमधल्या बेकार खाणकामगारांविषयी असेच काही नोंदवले आहे. सुखवस्तू माणूस साधे, पौष्टिक अन्न आनंदाने खाऊ शकतो. हताश माणसाला मात्र काहीतरी चविष्ट हवे असते. चव ही श्रीमंतांची चैन आणि पोषण ही गरिबांची गरज, अशी वाटणी करणाऱ्या उपदेशात एक सूक्ष्म क्रौर्य आहे. थकलेल्या माणसाचे गरम जेवण हे त्याच्या माणूसपणाचे मागणे आहे. त्याला लोभ म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल जाणारा आहे. थंडी नसेल तर उबेचे सुखही नाही. मग माझ्या ताटातल्या वाफेचा आनंद कुणाच्या तरी कुडकुडण्यावर उभा आहे काय? येथे दोन प्रकारचे विरोध एकमेकांत मिसळलेले असतात. ते सोडवले पाहिजेत. एक विरोध हवेशी आहे. बाहेर गार वारा आहे म्हणून आत शेगडी प्रिय वाटते. यात कुणाचे काही हिरावले जात नाही, कारण तो वारा सर्वांचाच आहे. दुसरा विरोध माणसाशी आहे. बाहेर कुणी उभा आहे म्हणून आत असण्याचे महत्त्व वाटते, आणि दार उघडले तर ते महत्त्व जाईल अशी भीती वाटते. पहिले सुख निरागस आहे. दुसरे तसे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, दानाच्या सूक्तात, एकट्याने खाणारा हा पापही एकट्यानेच भोगतो, असा आशय आला आहे. केवळ स्वतःसाठी रांधणारे पाप खातात, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही म्हटले आहे. या वचनांनी खाण्याला नावे ठेवलेली नाहीत. त्यांचा रोख एकटेपणावर आहे.

तरीही दारापलीकडचा माणूस दिसणे तुलनेने सोपे असते. दाराच्या आतलाच माणूस दिसत नाही, हा अधिक कठीण भाग आहे. आपल्याकडे 'गरम गरम वाढणे' हा गृहिणीच्या कौशल्याचा आणि मायेचा मापदंड मानला गेला. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर, निखाऱ्यावरून ताटात. जेवणारा उठेपर्यंत ही साखळी तुटता कामा नये. या साखळीच्या टोकाशी बसलेली बाई चुलीच्या सर्वांत जवळ असते आणि गरम अन्नापासून सर्वांत दूर. तिच्या वाट्याला येते ती शेवटची, निवलेली भाकरी, आणि कधी कधी तीही उरत नाही. हथखोजच्या भट्टीपुढल्या कामगाराची जी गत, तीच घरातल्या चुलीपुढल्या बाईची. धग तिची, ऊब दुसऱ्याची. मालकाने ऊब नाकारली म्हणून दुखावलेला माणूस घरी येऊन तीच वाटणी बिनदिक्कत चालू ठेवतो. मायेने केलेले काम मोजू नये, असे म्हणतात. पण माया दोन्ही बाजूंना असेल, तर शेवटची भाकरी एखादे दिवशी दुसऱ्या कुणी भाजायला काय हरकत आहे?

या प्रदेशातल्या एका कडधान्याची कहाणी येथे सांगण्यासारखी आहे. छत्तीसगडचा तिवरा म्हणजेच आपल्या भंडारा-गडचिरोलीकडची लाख किंवा लाखोळी. उभ्या धानात, जमिनीतला ओलावा असतानाच ती पेरली जाते आणि कमी पाण्यावर, अवर्षणातही तग धरते. हिच्या दाण्यांत मज्जासंस्थेला अपाय करणारे एक अमायनो आम्ल असते. इतर अन्नाबरोबर बेताने खाल्ली तर बहुधा काही बिघडत नाही. पण दुष्काळात महिनोन्‌महिने हीच मुख्य अन्न झाली, तर माणसाचे पाय कायमचे लुळे पडू शकतात. मध्य भारतात शेतमजुरांना मजुरीदाखल हेच धान्य देण्याची रीत होती, आणि लंगडेपणाचा हा रोग मुख्यतः त्यांच्याच घरांत आढळे. 1961 मध्ये देशातील बहुतेक राज्यांत या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. एकच पीक भरल्या ताटात समाधान देते आणि रिकाम्या ताटात अपंगत्व. यावरून दिसते की पदार्थ स्वतःहून सुखद किंवा दुःखद नसतो. त्याच्या शेजारी ताटात आणखी काय आहे, यावर ते ठरते. हिवाळ्याच्या अन्नाचे कौतुक करताना हे उरलेले ताट नजरेआड करणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय.

मग उबदार अन्न हा हक्क मानावा काय? कायद्याने या प्रश्नाला अधूनमधून स्पर्श केला आहे. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी जो आदेश दिला, त्यात प्राथमिक शाळांतील मुलांना किमान 300 उष्मांकांचे आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनांचे, शिजवलेले दुपारचे जेवण देण्यास राज्यांना सांगितले. तोवर बऱ्याच ठिकाणी मुलांच्या हाती कोरडे धान्य पडत असे. धान्य आणि जेवण यांतला फरक न्यायालयाने ओळखला, ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. धान्य घराला मिळते आणि घरात जाऊन वाटणीच्या जुन्या नियमांत अडकते. शिजवलेले जेवण थेट त्या मुलाला मिळते. कामगारांच्या बाबतीत 1948 च्या कारखाने कायद्याने 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांतच उपाहारगृहाची सक्ती करता येत होती. 2020 च्या नव्या संहितेने ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून 100 वर आणली. सुधारणा झाली हे खरे. पण छोट्या शेडमध्ये वीस-पंचवीस माणसे जिथे काम करतात तिथे माणूस थंडीत गार डबाच उघडतो, कारण कायद्याच्या लेखी त्याची संख्या पुरेशी नाही. भूक मात्र डोकी मोजून लागत नाही. भिलाईच्या औद्योगिक वसाहतींत 1990 च्या सुमारास जो लढा उभा राहिला, ज्यात 28 सप्टेंबर 1991 रोजी शंकर गुहा नियोगी यांची हत्या झाली आणि 1 जुलै 1992 रोजी रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या लढ्याच्या मागण्या कायम नोकरीच्या आणि जगता येईल अशा वेतनाच्या होत्या. 'जगता येईल असे वेतन' या शब्दांचा अर्थ शेवटी रात्रीच्या ताटापाशीच येऊन थांबतो.

पण हक्काने अन्न मिळाले तरी ऊब मिळतेच असे नाही. हे सांगणारी एक छोटी कथा याच छत्तीसगडात, 1901 मध्ये, 'छत्तीसगढ़ मित्र' या मासिकात प्रसिद्ध झाली. तिचे लेखक माधवराव सप्रे हे जन्माने मराठी. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे. 'एक टोकरी भर मिट्टी' हे कथेचे नाव. जमीनदाराने एका विधवेची झोपडी बळकावली आहे. झोपडी सुटल्यापासून तिची नात अन्नाला शिवत नाही. आपल्या घरीच रोटी खाईन, एवढाच तिचा हट्ट. म्हातारी त्या झोपडीतली टोपलीभर माती मागते, तिची चूल घालून रोटी भाजावी म्हणून. टोपली उचलायला ती जमीनदारालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचा भार सोसवत नाही, मग या साऱ्या झोपडीच्या मातीचा भार जन्मभर कसा वाहाल, असे ती विचारते, आणि तो वरमून झोपडी परत करतो. धान्य त्या मुलीला कुठेही मिळाले असते. तिला हवी होती ती आपल्या मातीच्या चुलीची रोटी. ज्यांच्या शेतांवर कारखाने उभे राहिले आणि जे शेकडो मैलांवरून त्या कारखान्यांत आले, त्या दोघांनाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. भाड्याच्या खोलीत भाजलेली भाकरी सवयीच्या चवीशी जुळवून पाहणारा मराठी माणूस आणि गॅसच्या ज्योतीवर अंगाकर करू पाहणारी छत्तीसगडी बाई, दोघेही आपापली टोपलीभर माती शोधत असतात.

तेव्हा गरम अन्नाच्या सुखात दोष नाही, आणि त्याची सोय कायद्याने होऊ शकते तितकी झालीच पाहिजे. पण आपण सुरुवातीला जो प्रश्न घेतला त्याचे उरलेले उत्तर मला छत्तीसगडच्या छेरछेरा या सणात दिसते. पौष पौर्णिमेला, नवे धान कोठीत भरल्यावर, मुले आणि मोठी माणसेही टोळ्यांनी घरोघर जातात आणि धान मागतात. त्या दिवशी कुणाला रिक्त हस्ते पाठवायचे नसते. मागणाऱ्यांत केवळ गरीब नसतात; सुखवस्तू घरातली मुलेही झोळी घेऊन निघतात. दानात एक अवघडलेपण नेहमी असते: देणारा उंच होतो, मागणारा वाकतो. एका दिवसापुरते सगळेच मागणारे झाल्यामुळे ते अवघडलेपण नाहीसे होते. आणि ज्या कोठीतून धान निघते, ती भरताना मागणाऱ्यांपैकी कित्येकांचे हात राबलेले असतात, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. म्हणून त्या मागण्याचा सूर याचनेचा नसतो. तो वाट्याचा असतो. महाराष्ट्रात हीच पौर्णिमा शाकंभरी पौर्णिमा म्हणून ओळखली जाते. अवर्षणात स्वतःच्या देहातून भाज्या उगवून जगाला जगवणाऱ्या देवीची ही तिथी. दोन प्रदेशांच्या लोकमनाने थंडीच्या ऐन मध्यावर, कोठारे भरलेली असताना, भुकेची आठवण ठेवण्यासाठी एकच दिवस निवडला आहे.

सण एक दिवसाचा असतो, हिवाळा अडीच-तीन महिन्यांचा. छेरछेऱ्याने फाटकावरच्या रखवालदाराला रोज रात्री गरम जेवण मिळत नाही, की चुलीपुढल्या बाईची शेवटची भाकरी ऊन राहत नाही. कायद्याला ज्यांची संख्या दिसत नाही ती माणसे दिसण्याची एक नजर मात्र त्या सणात आहे, आणि ती घरात, शेडमध्ये, कारखान्याच्या फाटकाशी रोज वापरता येण्यासारखी आहे. आपल्या ताटात वाफ आहे तेव्हा ती कुणाच्या हातांतून आली आणि त्या हातांना तिच्यातले काय मिळाले, एवढे विचारून जेवायला बसावे. उत्तर समाधानकारक असेल तर घास गोड लागेल. नसेल, तर निदान भांडे चुलीवरून उतरवण्याआधी आणखी एक ताट मांडता येते.